जी येईल ती खेळेल

अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलामुलींच्या बेसबॉल-सॉफ्टबॉल संघटनेच्या नियमपुस्तकात एक साधासा नियम आहे. सामना सुरू होताना जी मुलगी मैदानावर हजर आहे तिला निदान एकदा बॅटिंग मिळालीच पाहिजे, आणि समोरच्या संघाच्या सहा जणी बाद होईपर्यंत तरी तिला फील्डिंगला उभं केलंच पाहिजे. मग सामना कितीही अटीतटीचा असो, किंवा तिच्या हातून सकाळपासून एकही चेंडू अडलेला नसो. मॅनेजरने हा नियम मोडला तर पहिल्यांदा लेखी ताकीद मिळते, दुसऱ्यांदा पुढच्या सामन्याला बंदी, तिसऱ्यांदा त्याचा उरलेला हंगामच संपतो. जिचा खेळ हुकला तिला पुढच्या सामन्यात सुरुवातीपासून खेळवावं लागतं.

मुलींच्या सॉफ्टबॉल लीगची ओळख करून द्यायची तर ती या नियमापासूनच द्यायला हवी. ऑलिंपिक, विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या, टीव्हीवरचे सामने हे सगळं नंतरचं. गावातली जी मुलगी नाव नोंदवेल तिला खेळायला मिळालं पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी गावातले पालक संध्याकाळच्या बैठका, शनिवारच्या सकाळी आणि रविवारच्या दुपारी खर्ची घालतात. त्याचे पैसे त्यांना मिळत नाहीत. लिटल लीगच्या नियमांप्रमाणे मॅनेजर आणि प्रशिक्षक यांना मोबदला घेताच येत नाही. पुढच्या प्रकरणांमध्ये या कामाचा एकेक भाग सविस्तर आला आहे. ही प्रस्तावना त्याचा पाया तेवढा सांगते.

खेळाविषयी थोडं. सॉफ्टबॉलचा जन्म चार भिंतींच्या आत झाला. १८८७ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण मंडळी हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांमधल्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत जमली होती. निकाल लागला, त्या जल्लोषात एकाने बॉक्सिंगचा ग्लोव्ह दुसऱ्याकडे भिरकावला आणि दुसऱ्याने तो काठीने परतवून लावला. जॉर्ज हॅनकॉक याने तोच ग्लोव्ह दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि सभागृहातच डाव मांडला. हिवाळ्यात घरात खेळायचा हा बेसबॉल पुढे मोकळ्या मैदानावर आला आणि १९३० च्या दशकात देशभर पसरला. क्रिकेट पाहून वाढलेल्या वाचकाने तीन गोष्टी लक्षात ठेवल्या म्हणजे पुरे. चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा असतो: लहान मुलींसाठी ११ इंच घेराचा, मोठ्या मुलींसाठी १२ इंचांचा. बेसमधलं अंतर ६० फूट असतं. आणि पिचर चेंडू खांद्यावरून टाकत नाही. ती हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवून कमरेजवळून सोडते. दहा वर्षांखालच्या मुलींसाठी हे पिचिंग ३५ फुटांवरून होतं, बारा वर्षांखाली ४० फुटांवरून, त्याहून मोठ्या मुली ४३ फुटांवरून टाकतात.

मुलींना मात्र गावोगावच्या लीगमध्ये शिरकाव मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. लिटल लीग १९३९ साली पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ यांनी मुलग्यांसाठी सुरू केली होती, आणि पुढची कित्येक वर्षं ती मुलग्यांचीच राहिली. १९७२ साली न्यू जर्सीतल्या होबोकन गावात मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी मुलग्यांच्या बेसबॉल संघातून तीन सामने खेळली. लिटल लीगच्या मुख्यालयाने गावाच्या लीगला कळवलं की मुलगी संघात राहिली तर लीगची मान्यता जाईल. मारियाला बाहेर बसावं लागलं. महिलांच्या राष्ट्रीय संघटनेने तिच्या बाजूने तक्रार गुदरली. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागात सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निर्णय दिला आणि पुढच्या वर्षी तो वरच्या न्यायालयातही टिकला. तोवर मारिया चौदा वर्षांची झाली होती. तिचं लिटल लीगचं वय उलटून गेलं होतं.

त्याच १९७४ साली लिटल लीगने मुलींसाठी सॉफ्टबॉलचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि पहिल्याच वर्षी जवळपास ३०,००० मुलींनी नावं नोंदवली. मुलींना बेसबॉलच्या दारातून आत घेण्याऐवजी त्यांना शेजारचं दार दाखवलं, असा आक्षेप आजही घेतला जातो. तो खोटा म्हणता येणार नाही. पण त्या दाराबाहेर किती मुली ताटकळत उभ्या होत्या, हे त्या एका आकड्यावरून कळतं. डॉट रिचर्डसनची गोष्ट याच काळातली. लहानपणी तिची चेंडूफेक पाहून एका प्रशिक्षकाने तिला मुलग्यांच्या संघात यायला सांगितलं होतं. अट एवढीच की केस बारीक कापायचे आणि नाव 'बॉब' सांगायचं. तिने ते साफ नाकारलं. हीच मुलगी पुढे हाडांची शल्यविशारद झाली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, सॉफ्टबॉल पहिल्यांदाच खेळवला गेला तेव्हा, अंतिम सामन्यात चीनविरुद्ध तिने मारलेल्या होमरनने अमेरिकेच्या सुवर्णपदकाचा रस्ता मोकळा केला.

कायद्याने दार उघडलं तरी आत उभं राहायला जागा मिळतेच असं नाही. १९७२ चा 'टायटल नाईन' हा प्रसिद्ध कायदा शाळा-महाविद्यालयांना लागू होतो. गावातल्या बागेतलं मैदान शनिवारी कुणाला द्यायचं, हा प्रश्न त्याच्या कक्षेत सहसा येत नाही. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातली 'वेस्ट व्हॅली गर्ल्स सॉफ्टबॉल' ही पालकांनी चालवलेली लीग नेमकी इथेच अडकली होती. मुलग्यांच्या बेसबॉल लीगना शहराच्या उद्यानांत हक्काची, निगा राखलेली मैदानं होती. मुलींची लीग मात्र मिळेल त्या शाळेच्या अंगणात बिऱ्हाड हलवत फिरत होती. १९९८ साली नागरी हक्कांच्या संघटनेमार्फत प्रकरण न्यायालयात गेलं, पुढच्या वर्षी शहराने तडजोड केली आणि मुलींच्या खेळांसाठी वेगळी योजना आखली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला: नगरपालिका आणि काउंटी यांना मुलांच्या सार्वजनिक खेळांत, मैदानांच्या वाटपातही, मुलगा-मुलगी असा भेदभाव करता येणार नाही.

हे प्रकरण इतकं सांगायचं कारण म्हणजे लीगच्या रोजच्या कारभारातला सगळ्यात कळीचा मुद्दा आजही मैदान हाच आहे. मैदान लीगच्या मालकीचं क्वचितच असतं. ते नगरपालिकेचं किंवा शाळेचं असतं आणि दर हंगामाला परवानगी काढावी लागते. वाटपाच्या बैठकीत फुटबॉलवाले, बेसबॉलवाले, लॅक्रोसवाले सगळे हजर असतात. तिथे मुलींच्या लीगचा माणूस गैरहजर राहिला तर दिवे असलेलं मैदान दुसऱ्याच्या पदरात पडतं, आणि मग बारा वर्षांच्या मुलींना सराव सूर्यास्ताआधी उरकावा लागतो.

कार्यकारिणी निवडून दिलेली असते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदं मराठी वाचकाला नवीन नाहीत. गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला इथली वर्गणी, इथले रुसवेफुगवे आणि चार माणसांनीच चाळीस जणांचं काम ओढण्याची रीत चटकन ओळखीची वाटेल. दोन पदं मात्र खास या व्यवस्थेची आहेत. एक 'प्लेअर एजंट', म्हणजे खेळाडूंच्या नोंदी, चाचण्या आणि संघवाटणी सांभाळणारी व्यक्ती. आपण ज्या वयोगटाचं काम पाहतो त्या गटात तिला संघही चालवता येत नाही आणि पंच म्हणूनही उभं राहता येत नाही. वाटणाऱ्याने स्वतःचं पान वाढून घेऊ नये, म्हणून ही तजवीज. दुसरं पद सुरक्षा अधिकाऱ्याचं. मैदानावरचा खड्डा, तडा गेलेलं हेल्मेट, प्रथमोपचाराची पेटी, विजा चमकू लागल्यावर खेळ थांबवणं हे सगळं त्याच्याकडे. लिटल लीगने १९९५ पासून सुरक्षेची एक ठरावीक योजना आखून दिली आहे आणि स्थानिक लीग त्यानुसार आपला आराखडा तयार करते.

मुलींचं रक्षण केवळ चेंडूपासून करायचं नसतं. खेळाडूंशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पार्श्वभूमी दरवर्षी तपासली जाते. २०१८ च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या केंद्रीय कायद्यानंतर तर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी चोवीस तासांच्या आत कळवणं या स्वयंसेवकांना बंधनकारक झालं. अमेरिकी जिम्नॅस्टिक्समधल्या लैंगिक अत्याचाराच्या भयंकर प्रकरणानंतर हा कायदा आला. अर्ज भरताना काही पालक कुरकुरतात, आमच्याच गावात आमच्यावरच अविश्वास कशाला म्हणतात. ही कुरकुर ऐकून घ्यावी आणि तपासणी करावीच. यात सवलत देणारी लीग मुलींच्या लायकीची नाही.

हंगामाची सुरुवात थंडीतच होते. नावनोंदणी, मग एखाद्या शाळेच्या जिममध्ये किंवा गारठलेल्या मैदानावर चाचणी. मुलींच्या पाठीवर पिनेने क्रमांक लावलेला असतो. एकेक पुढे येते, जमिनीलगत आलेले काही चेंडू अडवते, काही उंच चेंडू झेलते, बॅट फिरवते, पहिल्या बेसपर्यंत पळते. भिंतीशी बसलेले मॅनेजर कागदावर गुण टिपत असतात. ही चाचणी कुणाला वगळण्यासाठी नसते, संघ समसमान व्हावेत म्हणून असते. बाहेरून आलेल्या पालकांना हे उमगायला थोडा वेळ लागतो. चाचणीत एकही चेंडू न अडवलेली मुलगीसुद्धा त्या रात्री कुठल्या ना कुठल्या संघात असतेच.

त्यानंतरची संघवाटणीची बैठक हा लीगमधला सगळ्यात तापलेला प्रसंग. टेबलाभोवती मॅनेजर, समोर गुणांची यादी. पहिल्या फेरीत शेवटी निवडणाऱ्याला अनेक ठिकाणी दुसऱ्या फेरीत पहिली पाळी मिळते. मॅनेजरची स्वतःची मुलगी अर्थातच त्याच्या संघात जाते, पण ती कितव्या फेरीची मानायची? ती उत्तम पिचर असेल आणि तिला शेवटच्या फेरीत फुकटात पदरात पाडून घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय. बहिणी एकाच संघात ठेवायच्या का, दोन मैत्रिणींची आई एकाच गाडीतून दोघींना आणते तर काय करायचं, अशा प्रश्नांवर रात्री उशिरापर्यंत वाद चालतात. हे वाद क्षुल्लक नाहीत. मार्चमध्ये इथे डावं-उजवं झालं तर मे महिन्यात एक संघ प्रत्येक शनिवारी मार खातो आणि त्या संघातल्या निम्म्या मुली पुढच्या वर्षी परत येत नाहीत.

पिचर हा लीगचा सगळ्यात दुर्मीळ ऐवज. गोल फिरणारा हात, नेमक्या क्षणी मनगटाचा झटका, लांब टाकलेलं पाऊल हे सगळं जुळून यायला महिनोन् महिने लागतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलींच्या सामन्यात म्हणूनच बॅटला चेंडू लागण्यापेक्षा चुकीच्या चेंडूंवर फुकट बेस मिळण्याचे प्रसंग जास्त. फील्डिंगला उभ्या मुली कंटाळून माती उकरत बसतात. यावर लीगनी आपापले उपाय शोधले आहेत. आठ वर्षांखालच्या गटात प्रशिक्षक स्वतः चेंडू टाकतो किंवा यंत्राने टाकतात. त्याच्या वरच्या गटात कित्येक लीग चार चुकीचे चेंडू झाल्यावर फुकट बेस न देता प्रशिक्षकालाच पिचिंगला बोलावतात. एका इनिंगमध्ये पाच धावा झाल्या की डाव उलटवतात, म्हणजे एकाच संघाची बॅटिंग तासभर चालत नाही. खेळाचे मूळ नियम वाकवले म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. पण नऊ वर्षांच्या मुलीला चेंडू मारायला मिळत नसेल तर शुद्ध नियमांचं तिने करायचं काय?

शनिवारी सकाळी मुली येण्याआधी मैदानावर दोघे-तिघे पालक पोचलेले असतात. रात्री पाऊस झाला असेल तर डबक्यातलं पाणी आधी काढायचं. ते फावड्याने ढकललं तर माती वाहून खड्डा आणखी खोल होतो, म्हणून जाणता माणूस ते बादलीने किंवा स्पंजाने उपसतो आणि वर कोरडी माती टाकतो. मग लोखंडी जाळी ओढत सगळी माती सपाट करायची. होमप्लेटच्या मागच्या टोकाला टेप धरून पिचरच्या पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत अंतर मोजायचं. सकाळी दहा वर्षांखालचा सामना असेल तर ३५ फूट, दुपारी बारा वर्षांखालचा असेल तर पट्टी उचलून ४० फुटांवर न्यायची. त्यानंतर दोरी ताणून फक्कीने रेषा आखायच्या, पिचरभोवती आठ फूट त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. पहिल्या बेसला बऱ्याच ठिकाणी जोडबेस असतो, निम्मा पांढरा, निम्मा नारिंगी. पळत येणारी मुलगी नारिंगीवर पाय देते, फील्डर पांढऱ्यावर, आणि दोघींची टक्कर टळते. एवढं झालं की कुणीतरी खाण्याच्या टपरीचं शटर वर करतं आणि हॉट डॉगसाठी पाणी उकळायला ठेवतं.

ही टपरी लीगची मोठी कमाई. नोंदणी शुल्कातून गणवेश, चेंडू, विमा, मैदानाचं भाडं हे भागतं न भागतं. उरलेलं गावातला दंतवैद्य, पिझ्झावाला, घरं विकणारा दलाल यांच्याकडून येतं, म्हणून मुलींच्या पाठीवर त्यांची नावं छापलेली दिसतात. ज्यांना शुल्क झेपत नाही त्यांना बऱ्याच लीग ते गाजावाजा न करता माफ करतात. पालकांकडून काम करून घेण्याची एक युक्तीही ठिकठिकाणी रुळली आहे: नोंदणीच्या वेळी अनामत रक्कम घ्यायची आणि ठरलेले तास टपरीवर किंवा मैदानावर भरले की परत करायची. काही पालक रक्कम सोडून देतात आणि येत नाहीत. खजिनदाराला पैसे मिळतात, पण शनिवारी सकाळी जाळी ओढायला माणूस मिळत नाही.

पंचांची टंचाई सगळीकडे आहे. स्वयंसेवक पंच ही लिटल लीगची जुनी परंपरा. तिच्या जागतिक स्पर्धांतले पंचही विनामोबदला काम करतात. गावपातळीवर पुष्कळदा पंधरा-सोळा वर्षांची, स्वतः याच लीगमधून पुढे गेलेली मुलगी होमप्लेटमागे उभी असते. तिच्यावर ओरडणारी माणसं चाळिशीची असतात. कुणाचं पाऊल आधी पडलं यावरून शाळकरी पोरीला रडवणाऱ्या पालकाला मैदानाबाहेर काढण्याचं धैर्य ज्या अध्यक्षाकडे आहे, त्याच्या लीगला पुढच्या वर्षीही पंच मिळतात.

डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागी, मात्र वेगळंच जग असतं. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली सामना चालू असताना सूर लावून, टाळ्या वाजवून, बाकावर बादल्या बडवून घोषणा देतात. प्रत्येक बॅटरसाठी वेगळी, पिचर डळमळली तर वेगळी. मोठ्यांकडून लहानांकडे त्या तोंडोतोंडी जातात, कुणी प्रशिक्षक त्या शिकवत नाही. जी मुलगी पहिल्या आठवड्यात आईच्या मागे लपते ती पाचव्या आठवड्यात बाकावर उभी राहून घोषणा सुरू करते. तिची बॅट अजून एकाही चेंडूला लागलेली नसते, पण ती संघाची झालेली असते.

अशा लीगसमोरचं मोठं संकट 'ट्रॅव्हल बॉल' हे आहे. निवडक मुलींचे, अनेकदा पगारी प्रशिक्षकांचे, दर शनिवार-रविवार दूरच्या स्पर्धांना जाणारे हे संघ. त्यांचा खर्च गावच्या लीगच्या कितीतरी पट. चांगल्या पिचर आधी तिकडे जातात, मग त्यांच्या मैत्रिणी, मग त्या मैत्रिणींचे वडील जे इथे प्रशिक्षक होते. संख्या रोडावली की शेजारच्या गावाशी जोडून वेळापत्रक आखावं लागतं. ज्या मुलींची भूक मोठी आहे त्यांनी जरूर जावं. पण ज्या गावात फक्त ट्रॅव्हल संघ उरतात, तिथे अकराव्या वर्षी पहिल्यांदा ग्लोव्ह हातात घ्यावासा वाटलेल्या मुलीला जायला जागा राहत नाही. या पुस्तकाची बाजू त्या मुलीची आहे.

महाराष्ट्रात सॉफ्टबॉल अनोळखी नाही. शालेय स्पर्धांत तो आहे, जिल्हा-विभाग-राज्य अशा पायऱ्यांनी मुली खेळतात, शिवछत्रपती पुरस्कार मिळवणारे सॉफ्टबॉलपटू आपल्याकडे झाले आहेत. हे उभं राहिलं ते क्रीडाशिक्षकांच्या आणि जिल्हा संघटनांच्या कष्टावर. पण आपली रचना निवडीची आहे. शाळेचा एक संघ, त्यात निवडलेल्या मुली, आणि बाकीच्या टाळ्या वाजवायला. निवड न झालेल्या मुलीने दर शनिवारी खेळायचं कुठे, याचं उत्तर आपल्याकडे अजून कुणी दिलेलं नाही. त्यासाठी परदेशी साहित्य लागत नाही. मोकळं मैदान, फक्की, वेळ देणारे आई-वडील आणि पहिल्या परिच्छेदातला तो नियम पुरेसा आहे.

न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुली अशा लीगमध्ये खेळतात. त्यांच्या आई-वडिलांना एक विनंती. पुढच्या हिवाळ्यात मुलीचा अर्ज भरताना स्वयंसेवकाच्या रकान्यापुढेही खूण करा. खेळ येत नसला तरी चालेल, गुणपत्रक लिहिणं एका संध्याकाळी शिकता येतं. विशेषतः आयांनी केवळ टपरीवर न थांबता प्रशिक्षक म्हणून मैदानात उतरावं, कारण मुलींच्या खेळातही तिथे अजून बहुतेक पुरुषच दिसतात. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनी आपल्या गावातलं शाळेचं मैदान शनिवारी सकाळी मुलींसाठी मोकळं मिळेल का, एवढं मुख्याध्यापकांना जाऊन विचारावं.